थांबा म्हणायचं कुणी

११ एप्रिल, दुपार

भाऊजी,

अक्षर ओळखून पाकीट बाजूला टाकू नका. मी धाकटी. चार वर्षांनी लिहितेय, मायना काय घालावा ते सुचलं नाही, म्हणून नुसतं भाऊजी.

तो सापडत नाहीये.

तुमचा भाऊ परवा सकाळी सायकल घेऊन डोंगरावर गेला तो परत आलेला नाही. तुमचा जुना नंबर लागत नाही. जाऊबाईंचा माझ्याकडे होता, पण भांडणानंतर त्याने तो मला समोर बसवून पुसायला लावला. माझ्या चष्म्याच्या डबीवर तुमच्या कारखान्याचा पत्ता छापलेला आहे, त्यावर हे पाठवतेय. समोरच्या पंपावर थांबणाऱ्या बसचा ड्रायव्हर भला माणूस दिसतो. म्हणाला, उद्या हातात देतो.

आम्ही चौघं निघालो होतो. मी, तो, त्याच्या शाळेतला दोस्त जाड्या आणि मास्तर. जाड्या तुम्हाला आठवत असेल, लाँड्रीवाला, काडीसारखा, म्हणून जाड्या. मास्तर चित्रकला शिकवतात, त्याच्याबरोबर दर रविवारी सायकलवर असतात. जाड्याच्या गाडीच्या टपावर चार सायकली बांधल्या आणि वाळवंटातून जाणाऱ्या रस्त्याने जायचं, जिथे डोंगर चांगला दिसेल तिथे उतरून सायकली काढायच्या, असा आठवड्याचा बेत. पहिले काही दिवस इतके मजेत गेले की सांगवत नाही. त्याला इतकं हसताना मी आईंनंतर पाहिलं नव्हतं.

परवा माझं मनगट सुजलं होतं, आदल्या दिवशी दगडावर आपटले होते. म्हणून मी आणि जाड्या गाडी घेऊन डोंगराच्या पलीकडे थांबलो. तो आणि मास्तर वरच्या धारेवरून सायकलने येणार होते. वाटेत दोघांची ताटातूट झाली. मास्तर काल दुपारी एकटेच हमरस्त्याला लागले, त्यांना एका ट्रकने आणून सोडलं. तो अजून वर आहे.

हा वाळूचा समुद्र नाही, भाऊजी. दगडच दगड. तांबडे कडे, त्यांच्यामध्ये कोरड्या घळी, एकीसारखी दुसरी. हमरस्त्यावर लॉज, पंप, पोलीस चौकी, छोटा दवाखाना आणि चार दुकानं, एवढंच गाव. माझ्या खोलीच्या खिडकीतून डोंगर दिसतो. मी पडदा लावून घेतलाय.

ते भांडण काय होतं ते मी उकरत नाही. आईंना मशीनवर ठेवलं होतं, तो गाडीत होता, तुम्ही डॉक्टरांना ‘थांबा, मशीन बंद करा’ म्हणालात, आणि तो पोचला तेव्हा खाट रिकामी होती. ‘मी येईपर्यंत तरी ठेवायचं होतं,’ एवढं एकच वाक्य तो चार वर्षं बोलतोय. मी त्याच्या बाजूने उभी राहिले. आजही तिथेच आहे. तरीही लिहितेय, यावरून काय ते समजा.

तुम्ही या. लहानपणी रुसून कुठे जाऊन बसायचा ते म्हणे तुम्हालाच कळायचं. घळीत उतरल्यावर तो डावीकडे वळेल की उजवीकडे, हे इथे कुणालाच सांगता येत नाही. तुम्हाला येईल असं मला वाटतं. बुडत्याला काडीचा आधार म्हणा हवं तर.

तो शहाणा आहे. लिफ्ट दुरुस्तीला निघताना आत अडकलेल्या माणसांना फोनवर सांगतो ना, ‘जागचे हलू नका, मी येतोय,’ तसा तोही सावली धरून बसला असेल.

या.

धाकटी


१३ एप्रिल, सकाळ

भाऊजी,

पहिलं पत्र मिळालं की नाही ठाऊक नाही. काल बस आली तेव्हा मी पंपावर धावत गेले. ड्रायव्हर दुसराच होता.

त्यात मी एक गोष्ट झाकून ठेवली. ताटातूट झाली नव्हती. मास्तर त्याला सोडून आले.

तो उतारावर पडला. पाऊल घोट्यातून वळलं, टेकवता येईना. मास्तर म्हणाले, खांद्यावर घेतो. ह्याने शिव्या घातल्या म्हणे. ‘दोघंही मरू. तू जा, गाडी घेऊन ये, मी इथे सावलीत बसतो.’ कड्याच्या पोटाला बसवून मास्तर निघाले आणि खाली उतरताना वाट चुकले. रात्रभर एका घळीतून दुसरीत. रस्त्याला लागले तेव्हा ओठ फाटले होते आणि बोलणं असंबद्ध होतं. दवाखान्यात मीच त्यांना सलाईन लावलं. माझे हात ते काम करत होते, भाऊजी, आणि मनात मी त्या माणसाचा गळा दाबत होते.

सलाईन संपायच्या आत त्यांना गाडीत घातलं. दाखवा म्हटलं. त्यांनी एक घळ दाखवली. चौकीच्या साहेबांनी माणसं तिथेच उतरवली, हेलिकॉप्टर आलं तेही तिथेच घिरट्या घालत राहिलं. ती दुपार आणि परवाचा पूर्ण दिवस. संध्याकाळी मास्तर मटकन खाली बसले आणि म्हणाले, ‘ही नाही. ही नसावी.’

जाड्या त्यांच्या अंगावर धावून गेला. दोन शिपायांनी धरला त्याला. आयुष्यात झुरळ न मारलेला माणूस.

दुसऱ्या दिवशी मास्तरांनी चौकीत बसून कागदावर कडा काढला. कड्याचा माथा, त्याला असलेली चीर, खाली आडवा पडलेला खडक. जिप्समच्या खाणीतल्या मुकादमाने तो कागद बघितला आणि म्हणाला, ‘हा इकडे नाहीच. हा खाणीच्या मागे.’ सगळे तिकडे पळाले.

कडा मिळाला. सायकल मिळाली. खडकाला नीट टेकवून ठेवलेली, हेल्मेट हँडलला अडकवलेलं. तो नव्हता.

मी खडकाखाली वाकून वाकून बघितलं. सावली होती, चांगली गार होती. इथेच का नाही थांबलास, असं मी मोठ्याने विचारलं. लोक बघायला लागले. दुसऱ्यांना जागचे हलू नका सांगणारा माणूस! एका पायाने गेला कुठे?

पुढे दगडच आहेत. दगडावर माग राहत नाही.

हेलिकॉप्टर काल परत गेलं. त्याची दुसरीकडे गरज आहे म्हणाले. साहेब वाईट नाहीत. चौकीत एक खोली, भिंतीवर नकाशा, शोधून झालेल्या भागावर ते पेन्सिलीने रेघा मारतात. मी रोज संध्याकाळी जाऊन बघते. रेघा नसलेली जागा रोज कमी होते, ती मी बोटांनी मापते.

मास्तर माझ्या दारासमोर जमिनीवर झोपतात. मी त्यांच्याशी बोलत नाही. सकाळी त्यांना ओलांडून जाते.

तुम्ही निघाला असाल, असं धरून चालतेय.

धाकटी


१५ एप्रिल

भाऊजी,

आज मला तुम्हाला एक विचारायचं आहे, पण आधी उरलेलं सांगते. अजूनही एक झाकलं होतं.

पाणी. त्याच्याकडे पाणी नव्हतं. आपल्या दोन्ही बाटल्या त्याने मास्तरांच्या पिशवीत घातल्या. ‘तुला चालायचंय, मला नुसतं बसायचंय. संध्याकाळपर्यंत गाडी येईलच.’ मास्तरांनी हे मला पहिल्याच दिवशी, सलाईन चालू असताना सांगितलं होतं. मी त्यांना म्हटलं, हे कुणाला सांगू नका. तुम्हाला लिहिलं नाही, साहेबांना सांगितलं नाही, जाड्यालाही नाही. मी ऑपरेशन थिएटरात काम करते. या उन्हात पाण्याशिवाय माणूस किती टिकतो ते मला कुणी शिकवायला नको. सांगितलं असतं तर सगळ्यांनीच मनात हिशेब केला असता. न सांगता मी एकटीच करत होते.

काल दुपारी खाणीतला एक माणूस कोसळला. मुकादमाबरोबर आपणहून आलेला. सुट्टीचा दिवस, घरी पडून राहायचं सोडून माझ्या नवऱ्याला शोधत होता. घाम यायचा थांबला, मग झटके. आम्ही त्याला गाडीच्या सावलीत आडवा केला, असेल नसेल ते पाणी अंगावर ओतलं, मी त्याच्या काखेत ओले टॉवेल कोंबले. जाड्या पुठ्ठ्याने वारा घालत होता आणि रडत होता. चौकीजवळच्या दवाखान्यात नेलं. तिथे त्याची बायको आली. तान्हं मूल कडेवर. मला वाटलं, आता ही मला बोलणार. तिने माझा हात धरला आणि विचारलं, ‘तुमचे मिळाले का?’

भाऊजी, त्या प्रश्नाने मी संपले.

तो माणूस वाचला. रात्री शुद्धीवर आला, पाणी मागितलं.

आज सकाळी साहेबांनी मला चौकीत बोलावलं. स्वतः उठून पंखा माझ्याकडे वळवला.

‘ताई, तुम्ही म्हणाल तोवर मी माणसं पाठवीन. वरून विचारणा होतेय, ते मी बघून घेईन. पण ऊन वाढत चाललंय. काल एक वाचला. उद्याचं मी सांगू शकत नाही.’

मी म्हटलं, ‘तुम्ही बंद करा. तुमचा अधिकार आहे.’

‘आहे. पण तुम्ही मनात तयार नसताना मी बंद केलं, तर तुम्ही एकट्या वर जाल. तुमच्याकडे बघून कळतंय ते. मग मला तुम्हालाही शोधावं लागेल.’

बाहेर मुकादम आणि त्याची माणसं गाडीत बसून वाट बघत होती. कुणी हसत होतं कशावर तरी. जिवंत माणसं.

मी म्हटलं, ‘थांबा.’

एवढाच शब्द. आवाजही चढला नाही. साहेबांनी बाहेर जाऊन काहीतरी सांगितलं, गाडीचं इंजिन बंद झालं, एकेक जण खाली उतरला.

तर विचारायचं ते हे. तुम्हाला त्या दिवशी दवाखान्यात काय वाटलं? म्हणजे शब्द तोंडातून गेल्यानंतर. मला तर असं वाटतंय की तो कुठेतरी खडकाखाली बसून कान देऊन ऐकत होता आणि त्याने ऐकलं. तुम्हालाही असं वाटलं का, की आईंनी ऐकलं? ते जातं का कधी? की ते तसंच घेऊन तुम्ही रोज कारखान्यात जाता, चष्म्याच्या काचा घासता, घरी येऊन जेवता?

उत्तर द्या. शिव्या द्या हवं तर, पण उत्तर द्या. हे विचारायला जगात मला दुसरं माणूस नाही.

मास्तर आजही दाराशी आहेत. आज मी त्यांना ओलांडलं नाही. म्हटलं, आत या, पंख्याखाली झोपा.

धाकटी


९ मे, घरून

भाऊजी,

हे पत्र लॉजवर पाठवतेय. ज्या टेबलावर बसून मी तुम्हाला लिहायचे, तिथेच बसून तुम्ही हे वाचाल, असं वाटतं. लॉजवाल्याने फोनवर सांगितलं, तुम्हाला माझीच खोली दिलीय.

लॉजच्या अंगणात तुम्ही बसमधून उतरलात ती सकाळ माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही. केस किती पिकलेत तुमचे. मी धावत आले आणि पहिलं काय बोलले, तर ‘काल थांबवलं मी.’ तुम्ही बॅग खाली ठेवलीत. माझी पहिली दोन पत्रं तुम्हाला कारखान्यात मिळाली होती; तिसरं तर निघालंच नव्हतं, ते मी तुमच्या हातात दिलं. तुम्ही उभ्या उभ्या वाचलंत, घडी घालून खिशात ठेवलंत आणि म्हणालात, ‘तू बरोबर केलंस. पण मी एकदा थांबवलंय. दुसऱ्यांदा नाही थांबवणार.’

मग त्याची सायकल मागितलीत.

तेव्हा मला किती बरं वाटलं होतं म्हणून सांगू! कुणीतरी शोधतंय, एवढ्यावर मी घरी येऊन झोपू शकले. पण भाऊजी, आता तीन आठवडे उलटून गेले. लॉजवाला म्हणतो, उजाडायच्या आत निघतात, अंधार पडायच्या बेताला येतात. जेवण टाकतात. बोलत नाहीत. फोनवर बोलावलं तर नंतर म्हणतात. चौकीचे साहेब दोनदा समजावून गेले, तुम्ही त्यांना पाणी विचारलंत आणि नकाशा मागितलात.

काल जाऊबाई आल्या होत्या. चार वर्षांनी माझ्या घरात पाऊल ठेवलं. चपला काढल्या आणि दारातच म्हणाल्या, ‘एकाला गेला म्हणून रडायचं, की दोघांना, ते आधी सांग मला.’ मग दोघी स्वयंपाकघरात ओट्याला टेकून उभ्या राहिलो, बसायचं कुणाला सुचलंच नाही. त्या म्हणाल्या, आईंनंतर कित्येक महिने तुम्ही मधेच उठून दवाखान्याच्या रस्त्याला लागायचात. अर्ध्यावरून परत यायचात. आम्हाला हे कुणी सांगितलंच नाही. माझ्या प्रश्नाचं उत्तर मला असं मिळालं.

तो नाही, भाऊजी. मी नर्स आहे, मला माहीत आहे. पहिल्या रात्रीनंतर फार तर दुसरा दिवस. तुम्ही बसमध्ये बसलात तेव्हा तो नव्हता. मी थांबा म्हटलं तेव्हाही नव्हता. तुम्हाला आणि मला थांबवण्यासारखं काही उरलंच नव्हतं.

आता या घरी. कारखान्यातली पोरं काचा चुकीच्या नंबरच्या घासतायत म्हणे. निदान गावातल्या लोकांना ठेच लागू नये म्हणून तरी या.

पत्र मिळाल्यावर फोन नाही आला, तर मी न्यायला येईन.

धाकटी


१४ मे, लॉजच्या पायरीवर

भाऊजी,

आले आहे. जाड्या गाडी घेऊन आला, मास्तरही आहेत. दुपारीच पोचलो. तुमची खोली उघडीच होती. खाटेवर माझं पत्र, फोडलेलं. म्हणजे वाचलंत.

लॉजवाला म्हणाला, येतील आता. मग म्हणाला, रोज एव्हाना येतात. आता काहीच म्हणत नाही, पंपावर जाऊन रस्त्याकडे बघत उभा आहे.

जाड्या आणि मास्तर खाणीच्या मागे गेलेत. मला साहेबांनी जाऊ दिलं नाही. मुकादम माणसं गोळा करतोय. तो कोसळलेला होता ना, तोही आलाय, त्याला मी हाताला धरून परत पाठवलं. काही तरी करायला हवं म्हणून लिहितेय. नुसती बसले तर ओरडेन.

कुठे आहात?

मी तुमच्यावर चिडले आहे. तो गेला तेव्हा मला त्याच्यावर चिडता आलं नाही, तर आता ते सगळं तुमच्यावर. हे काय चालवलंय तुम्ही दोघा भावांनी? एकाने पाणी देऊन टाकायचं, दुसऱ्याने आयुष्य. मागे राहिलेल्या बायकांनी काय करायचं? जाऊबाईंना मी काय सांगू? फोन दोनदा वाजला, मी उचलला नाही.

सावल्या लांब झाल्यात. साहेब चौकीतून बाहेर आले, हातात तोच नकाशा. माझ्याकडे बघायचं टाळलं त्यांनी. भाऊजी, साहेबांना मला पुन्हा ते विचारायला लावू नका. या वेळी माझ्याने तो शब्द निघायचा नाही. खरंच निघायचा नाही.

पंपावरून कुणीतरी हाक मारतंय.

कुणीतरी येतंय रस्त्याने. सायकल हातात धरून. चालत.

एकटेच आहात.

जाते, पाणी आणते.


१५ मे, गाडीत

तेच पत्र पुढे लिहितेय. तुम्ही मागच्या सीटवर झोपला आहात, तोंड उघडं टाकून, अगदी त्याच्यासारखे. हे तुम्हाला घरी पोचल्यावर देईन, कारण काल जे बोललात ते तुम्हाला धड आठवेल असं वाटत नाही.

तुम्ही नळाखाली डोकं धरून बसला होतात. मी म्हटलं, घोट घोट प्या. तुम्ही ऐकलंत. मग माझ्याकडे न बघता म्हणालात, ‘आज वाट चुकलो. दुपारपासून. पाणी संपलं होतं. सावली होती बसायला, चांगली होती. पण बसवेना गं. सारखं वाटायचं, ह्या एवढ्या वळणाच्या पलीकडेच रस्ता असेल. एवढंच वळण. मग पुढचं.’

मी तुमच्या मानेवर ओला टॉवेल ठेवला.

‘तो का उठला ते कळलं मला. त्याला वाटलं असेल, रस्ता जवळ आहे. आपल्याला सोडून दिलंय असं नसेल वाटलं त्याला, धाकटे. शेवटपर्यंत रस्ताच दिसत असेल.’

आणि मग तुम्ही रडलात. साहेब, मुकादम, लॉजवाला, सगळे पाठ करून उभे राहिले. मास्तर तेवढे जवळ आले आणि तुमच्या शेजारी ओल्या फरशीवर बसले. तुम्ही त्यांच्या पाठीवर हात ठेवलात. त्यांनी तुम्हाला आपण कोण ते सांगितलंही नव्हतं, पण तुम्ही ओळखलं होतंत.

सकाळी आम्ही काही विचारायच्या आत तुम्ही बॅग घेऊन खाली आलात. जाड्या सायकल टपावर चढवायला लागला तर म्हणालात, ‘राहू दे. मुकादमाच्या माणसाला दे. खाणीवर चालत जातो तो.’ जाड्याने माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, दे.

जाऊबाईंना फोन केलाय. त्या म्हणाल्या, ‘दोघंही आधी इकडे या. मी स्वयंपाक करून ठेवते.’ हमरस्ता मागे पडला, आता दोन्ही बाजूंना झाडं दिसायला लागलीत. तुम्ही एकदा दचकून उठलात, विचारलंत, ‘कुठे आलो?’

मी म्हटलं, ‘आलंच घर. झोपा.’

घर अजून खूप लांब होतं. पण तुम्ही झोपलात.